तासभर कांदा परता, मग सूपचं बोलू

घरी केलेलं फ्रेंच अनियन सूप फसलं की बहुतेकदा कांद्याच्या गरम पाण्यासारखं लागतं. दोष चीजचा नसतो, वाइनचाही नसतो. वीस मिनिटांत कांदा गुलाबी झाला की हात सवयीने पुढच्या जिन्नसाकडे जातो, तिथे घोळ होतो. भाजीला तेवढा परतलेला कांदा पुरतो, या सूपला नाही. बिर्याणीवरचा कुरकुरीत तळलेला कांदाही इथे चालत नाही. कडेने करपतो आणि आतून गोड होत नाही.

चार बोलसाठी 1 किलो कांदे, 50 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 1 मोठा चमचा तेल, पाऊण छोटा चमचा मीठ, 1 मोठा चमचा मैदा, 1 लिटर स्टॉक, अर्धा कप ड्राय व्हाइट वाइन आणि अर्धा छोटा चमचा सुकी थाइम घ्या. घरात नेहमीचं खारं बटर असेल तर तेच वापरा, पण सुरुवातीचं मीठ निम्मं करा. मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र मात्र नको. ते दालचिनीच्या सख्ख्या नात्यातलं आहे आणि चवही त्याच वळणाची देतं. थाइमसोबत जातं ते लॉरेलचं पान, म्हणजे युरोपातलं बे लीफ. ओळखायला सोपं: तमालपत्रावर तीन उभ्या शिरा असतात, लॉरेलला मधोमध एकच. नाही मिळालं तर सोडून द्या.

कांदा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या गोणीतला असो की ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेला किलोभर, साठवणीचा उन्हाळ कांदा मागा. घट्ट, सुक्या सालीचा. दिवाळीच्या सुमारास येणारा नवा लाल कांदा पाणी फार सोडतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, स्वस्त पडते, पण सोलण्यातच जीव जातो. अलिबागचा पांढरा कांदा गोड म्हणून सगळा तोच घालावासा वाटेल, तो मोह आवरा. तो गोड लागतो ते तिखटपणा कमी म्हणून. शिजल्यावर तिखटपणा सगळ्याच कांद्यांचा जातो, आणि मग नुसत्या पांढऱ्याचं सूप मिळमिळीत होतं. निम्मा-निम्मा छान.

कांदा उभा चिरा, तीन-चार मिलिमीटर जाड. आडव्या चकत्या तासाभरात विरघळून लगदा होतात. पातेलं रुंद आणि जाड बुडाचं हवं. नॉनस्टिकमध्ये तळाला थर धरत नाही आणि रंग तिथूनच यायचा असतो. बटर-तेलात कांदा आणि मीठ टाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं झाकण ठेवा. मग झाकण काढा आणि पाणी आटू द्या, साधारण पंधरा मिनिटं. आता आच मंद. दर तीन-चार मिनिटांनी ढवळा. तळाला तपकिरी खरवड दिसली की दोन चमचे पाणी टाकून लाकडी उलथन्याने ती सोडवा आणि कांद्यात मिसळा. असं पाच-सहा वेळा होईल. खरवड काळी पडली तर मात्र ती खरडू नका. कांदा दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर सगळं कडू होईल.

तासाभराने किलोचा सव्वा-दीड वाटी कांदा उरतो, रंग काळसर गुळाचा. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग लवकर येतो, पण कांद्याचा चिखल होतो. हॉटेलसारखे लांब धागे हवे असतील तर सोडा नको.

मैदा घालून दोन मिनिटं परता. वाइन ओता, जवळजवळ आटू द्या. वाइन नको असेल तर अगदी शेवटी 1 छोटा चमचा व्हिनेगर. आंबटपणाशिवाय हे सूप गोडमिट्ट लागतं. मग गरम स्टॉक आणि थाइम, अर्धा तास मंद उकळी.

मूळ फ्रेंच पद्धतीत स्टॉक बीफचा. आपल्याकडे अर्धा किलो मटणाच्या नळ्या ओव्हनमध्ये तपकिरी भाजून, सव्वा लिटर पाण्यात कुकरला मंद आचेवर पाऊण तास ठेवा. अळणी पाण्यासारखंच, पण हळद, आलं, लसूण काही नाही. शाकाहारी करायचं तर 200 ग्रॅम मशरूम कोरडे परतून गाजर आणि मिरीदाण्यांसोबत उकळा, शेवटी चमचाभर सोया सॉस. स्टॉक क्यूब खारट असतात. चीज पडणार आहे हे लक्षात ठेवून सूप थोडं अळणीच ठेवा.

पावाला लादीपाव चालत नाही, क्षणात भिजतो. बगेत (लांब फ्रेंच पाव) किंवा इराणी बेकरीचा कडक ब्रुन घ्या, दोन सेंटिमीटरचे काप करून 150 अंशांवर वीस मिनिटं कडक वाळवा. पावसाळ्यात हे काप तासाभरात सादळतात, त्यामुळे वाढायच्या अगदी थोडं आधी भाजा.

चीज ग्रुयेरच उत्तम, पण महाग. गौडा दोन भाग आणि मोझरेला एक भाग हे मिश्रण जमतं, बोलला 50 ग्रॅम. प्रोसेस्ड चीज नुसतं पसरतं. ना तार येते, ना नीट तपकिरी डाग.

ओव्हनला चालणारे बोल काठापासून बोटभर खाली भरा. सूप खाली राहिलं की पाव बुडतो आणि चीजही घेऊन जातो. ओटीजीचा (घरगुती छोट्या ओव्हनचा) फक्त वरचा रॉड लावून 230 अंशांवर चार-पाच मिनिटं, समोर उभं राहून. ताटातले साधे चिनी मातीचे बोल आत ठेवू नका, तडकतात. तसे बोल नसतील तर चीज लावलेले पाव वेगळे भाजून सूपवर सोडा. काठावरचं जळकं चीज खरवडून खायची मजा तेवढी जाते.