एक भांडे, दोन स्वयंपाकपद्धती: मिसोचा रिसोत्तो आणि किमचीचा रस्सा

दिवसभर दमून घरी आल्यावर जे अन्न हवेसे वाटते ते बहुधा मऊ, वाफाळते, थोडे स्निग्ध आणि खारट चवीचे असते. जपानचे मिसो (सोयाबीनचे आंबवलेले वाटण) घातलेले सूप, इटलीचा रिसोत्तो हा सायीसारखा मऊ भात, कोरियाची किमची म्हणजे आंबवलेली तिखट कोबी घातलेला रस्सा आणि चीनमधली तांदळाची पातळ पेज हे सगळे पदार्थ याच एका गरजेतून घडलेले आहेत. त्यामुळे त्यांची एकमेकांशी सांगड घालणे वाटते तितके कठीण नाही. मात्र कोणाकडून काय घ्यायचे हे चूल पेटवण्यापूर्वी ठरवावे लागते.

माझा अनुभव असा आहे की, एका देशाकडून पदार्थाची घडण घ्यावी आणि दुसऱ्याकडून चव घ्यावी. घडण म्हणजे मुख्य जिन्नस कोणता, तो कसा आणि किती वेळ शिजतो आणि दाटपणा कशाने येतो हे सारे. चव म्हणजे आंबवलेली वाटणे, मसाले, आंबटपणा आणि शेवटी येणारा सुवास. दोन्हीकडून घडण घेतली तर पदार्थ फसतो, कारण तांदळाला हवा तेवढा वेळ नूडल्सना मानवत नाही आणि दोन वेगळ्या प्रकारचे दाटपणे एकत्र आले की चिकट लगदा उरतो. स्थलांतरितांनी घडवलेले आणि आज पूर्णपणे रुळलेले संमिश्र पदार्थ पाहिले तर हेच दिसते. पेरूमध्ये १८४९ पासून चिनी मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले आणि त्यातून पुढे ‘लोमो साल्तादो’ हा पदार्थ आकाराला आला. त्यात गोमांसाच्या पट्ट्या प्रखर आचेवर झटपट परतण्याची रीत आणि सोया सॉस चिनी आहे, तर तिखट मिरची आणि सोबतचे तळलेले बटाटे पेरूचे आहेत. मेक्सिकोतील ‘अल पास्तोर’ टाकोसाठी मांस उभ्या सळईवर भाजण्याची पद्धत लेबनॉनमधून आलेल्या लोकांची आहे. त्याला लावलेले मिरचीचे वाटण आणि खालची मक्याची पोळी मेक्सिकोची.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही स्वयंपाकांत आधीपासून समान असलेला धागा शोधणे. खाऱ्या पदार्थांत हा धागा बहुतेक वेळा उमामीचा, म्हणजे जिभेवर रेंगाळणाऱ्या मांसल, भरदार चवीचा असतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शैवालाच्या पाण्यातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे काढले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. हेच ग्लुटामेट मिसो, सोया सॉस, पिकलेला टोमॅटो आणि मुरवलेले पार्मेसान चीज यांतही भरपूर असते, म्हणून जपान आणि इटली यांचे ताटात इतके चांगले जमते. सुकवलेल्या शिताके या जपानी अळिंबीत (मशरूममध्ये) ग्वानिलेट नावाचे दुसरे द्रव्य असते आणि ते ग्लुटामेटच्या जोडीला आले की चव नुसती वाढत नाही, ती कितीतरी पटींनी ठळक होते. खाली दिलेल्या पहिल्या पदार्थाचा सारा भार याच जोडीवर आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची आहे आणि घरगुती प्रयोग बहुतेक वेळा इथेच बिघडतात. कोरियाचे गोचुजांग हे मिरचीचे आंबवलेले वाटण आधी तेलात परतावे लागते, कारण त्याचा रंग आणि तिखटपणा स्निग्धांशात उतरतो. पण त्यात गोडवा असल्यामुळे ते पटकन करपते, म्हणून आच मंद हवी आणि वेळ जेमतेम एक मिनिट. मिसोचे याच्या नेमके उलट आहे. त्याचा सुवास उकळीने उडून जातो, म्हणून ते भांडे आचेवरून उतरवल्यावर घालावे. तिळाचे तेल, लिंबाचा रस आणि ताजा कांद्याचा पालाही शेवटीच घालायचा.

आता रिसोत्तो. तीन माणसांपुरते प्रमाण असे: २०० ग्रॅम आर्बोरिओ हा आखूड, जाड दाण्याचा इटालियन तांदूळ, २५० ग्रॅम ताजी अळिंबी, ५ सुक्या शिताके, बोटभर लांबीचा कोंबूचा तुकडा, १ मध्यम कांदा, २ मोठे चमचे पांढरा मिसो, ४० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १ मोठा चमचा तेल, १ लहान चमचा तांदळाचा व्हिनेगर आणि हवे असल्यास ३० ग्रॅम किसलेले पार्मेसान. शिताके आणि कोंबू आदल्या रात्री १ लिटर थंड पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवावेत. गरम पाण्यात शिताके लवकर फुगतात हे खरे, पण थंड पाण्यात सावकाश भिजलेल्या अळिंबीचे पाणी अधिक चवदार होते. दुसऱ्या दिवशी ते पाणी मंद आचेवर तापवावे आणि उकळी येण्याआधीच कोंबू काढून घ्यावा. उकळलेला कोंबू पाण्याला कडवटपणा आणि बुळबुळीतपणा देतो. शिताके काढून त्यांचे टणक देठ टाकून द्यावेत आणि पातळ काप करावेत. पाणी मात्र शेजारच्या आचेवर कढत ठेवावे.

ताज्या अळिंबीचे जाडसर काप रुंद तव्यावर तेलात, मोठ्या आचेवर आणि मीठ न घालता पसरावेत. आधी तिला पाणी सुटेल आणि तव्यातून काही शिजत असल्यासारखा सूं सूं आवाज येईल. ते पाणी पूर्ण आटून आवाज तडतडीकडे वळला की मगच अळिंबी खरपूस होऊ लागते, तोपर्यंत ती सारखी ढवळू नये. कडा तांबूस झाल्या की शिताके घालून दोन मिनिटे परतावे आणि सगळे बाजूला काढून ठेवावे.

जाड बुडाच्या पातेल्यात १५ ग्रॅम लोणी वितळवून त्यात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर सहा-सात मिनिटे मऊ करावा; त्याला रंग येऊ देऊ नये. तांदूळ धुवायचा नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे पिठूळ द्रव्यच पुढे रिसोत्तोला सायीसारखे करते. तो कोरडाच घालून, दाण्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसेपर्यंत दोन मिनिटे परतावा. मग व्हिनेगर घालावे. इटलीत याच टप्प्यावर पांढरी वाइन घालतात. त्यानंतर कढत पाणी एक-एक पळी घालत, आधीचे शोषले गेले की पुढचे, असे ढवळत राहावे. साधारण सतराव्या मिनिटाला एक दाणा दातांखाली चावून पाहावा. बाहेरून मऊ आणि मध्यभागी किंचित करकरीत लागला की आच बंद करावी. सगळे पाणी लागेलच असे नाही. एक पळी जरूर उरवावी.

त्या उरलेल्या पळीभर पाण्यात मिसो गुठळी राहणार नाही असा कालवून घ्यावा. पातेल्यात उरलेल्या थंड लोण्याचे तुकडे, मिसो, चीज आणि अळिंबी घालून मिनिटभर जोमाने घोटावे आणि झाकण ठेवून दोन मिनिटे स्वस्थ राहू द्यावे. ताटलीत वाढल्यावर रिसोत्तो आपोआप हळूहळू पसरला पाहिजे. ढीग तसाच उभा राहिला तर तो घट्ट झाला आहे असे समजून चमचाभर कढत पाणी मिसळावे. मीठ घालण्याची वेळ बहुधा येतच नाही, कारण मिसो आणि चीज दोन्ही खारट असतात. मी पहिल्यांदा सवयीने पाण्यातच मीठ घातले होते आणि तो रिसोत्तो कोणालाही खाववला नाही. तेव्हापासून आंबवलेले काहीही घालायचे असेल तर मिठाचा डबा मी शेवटच्या चवीपर्यंत उघडत नाही.

दुसरा पदार्थ त्याहून सोपा आहे. घडण भूमध्य समुद्राकाठच्या टोमॅटो आणि पांढऱ्या राजम्याच्या रश्श्याची, चव कोरियाची. २०० ग्रॅम पांढरा राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात आधी निदान १० मिनिटे खळखळ उकळून मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. राजम्यातील लेक्टिन हे अपायकारक द्रव्य जोरदार उकळीनेच निकामी होते. राजमा बोटाने चिरडेल इतका शिजल्याशिवाय टोमॅटो किंवा किमची घालू नये, कारण आंबट द्रवात त्याची साल मऊ होत नाही आणि मग तासभर उकळूनही तो टणकच राहतो.

किमची जुनी, चांगली आंबलेली घ्यावी. ताजी किमची रश्श्यात फिकी पडते. ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेलात ४ लसूण पाकळ्यांचे काप हलकेच परतून त्यात १५० ग्रॅम चिरलेली किमची पाच-सहा मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत परतावी. मग १ मोठा चमचा गोचुजांग वर सांगितल्याप्रमाणे मिनिटभर परतून ४०० ग्रॅम टोमॅटो, शिजलेला राजमा आणि त्याच्याच शिजवणीचे दोन कप पाणी घालावे आणि वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर रटरटू द्यावे. पळीच्या पाठीने थोडे दाणे भांड्याच्या कडेला चिरडले की रस्सा आपोआप दाट होतो, पीठ लावावे लागत नाही. उतरवल्यावर तिळाच्या तेलाचे काही थेंब आणि कांद्याचा पाला घालावा आणि कडक भाजलेल्या जाड पावाबरोबर वाढावा. आंबटपणा टोचत असेल तर चिमूटभर साखर आणि आणखी थोडे तेल पुरते. खारट झाल्यास बटाटा टाकून उपयोग होत नाही, कारण बटाटा एकटे मीठ नव्हे, खारट पाणी शोषतो आणि उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. त्यापेक्षा बिनमिठाचा शिजलेला राजमा आणि पाणी वाढवावे.

शाकाहारी मंडळींनी पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत. पारंपरिक किमचीत बहुधा माशांचे सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, तयार दाशीत, म्हणजे जपानी सूपसाठीच्या चवदार पाण्याच्या तयार मिश्रणात, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अंश असतो आणि खऱ्या पार्मेसानसाठी वासराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरले जाते. त्यांच्याशिवायही हे दोन्ही पदार्थ उत्तम होतात.

रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, म्हणून तो मुद्दाम जास्त करावा. रिसोत्तो मात्र बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि नंतर त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला रिसोत्तो उथळ भांड्यात पसरून लवकर गार करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी ओल्या हातांनी त्याच्या चपट्या टिक्क्या थापून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात आणि वाडग्यातल्या गरम रश्श्यावर, वाढण्याच्या क्षणी, अलगद ठेवाव्यात, म्हणजे वरची बाजू कुरकुरीत राहते आणि खालची रस्सा पिऊन मऊ होते.