तांबटांचे काम तैलरंगात रंगवू पाहणाऱ्यांसाठी

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी पहिल्यांदा स्केचबुक घेऊन बसले, तेव्हा ठोक्यांनी तासाभरात कान बधिर झाले, पण कागदावर एकही हात धड उतरला नव्हता. धीर सोडू नका. हातोडा थांबत नसला तरी तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते आणि चार-पाच दिवसांत खांदा केव्हा उचलला जाणार हे डोळ्यांना आधीच कळू लागते. नुसत्या फोटोवरून काम करणाऱ्यांना हे कधीच मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. जर्मन चित्रकार आडोल्फ मेंझेलने लोखंडाच्या कारखान्याचे आपले प्रसिद्ध चित्र १८७५ मध्ये पूर्ण केले, त्यासाठी त्याने शंभराहून अधिक अभ्यासचित्रे काढली होती.

मी फसले ती थरांत. दुकानातला काळोख गडद यावा म्हणून मी आयव्हरी ब्लॅकमध्ये जवसाचे तेल सढळ हाताने घालून जाड थर दिला आणि आठवड्याने तो बोटाला कोरडा लागताच, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, त्यावर तांबटाचा दंड रंगवला. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होते. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, अंबर लवकर. खालचा थर आतून ओला असतानाच वरचा कडक झाला आणि सहा महिन्यांत नेमक्या त्या दंडावर भेगा पडल्या. बोटाला कोरडा लागलेला रंग वाळलेला नसतो, हे मी पुन्हा सांगते. खालचे थर कमी तेलाचे ठेवा, वर जाताना तेल वाढवा. रंग लवकर वाळावा म्हणून घालतात त्या कोबाल्ट ड्रायरच्या नादी मुळीच लागू नका. त्याने वर साय धरते आणि आतले ओलेच राहते.

माझ्या हातातला ब्रश घेऊन तो दंड सुधारून देणाऱ्या शिक्षकांनी थरांबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. ‘खाली काय लावले आहेस?’ असे आधी विचारणारा गुरू शोधा.

चित्र बिघडले म्हणून हात बिघडत नाही. दुसऱ्या कॅनव्हासवर मी घंगाळाचा मठार, म्हणजे ठोक्यांनी पत्र्यावर उमटणारे ते चकाकते पैलू, अगदी शेवटी रंग लावायच्या नाइफच्या टोकाने जाड रंगाचा एकेक ठिपका ठेवत केला, आणि तांब्यावरचा उजेड पहिल्यांदाच खरा वाटला. त्याला वर्षभर तरी वार्निश देणार नाही.