शाळेत चिंतेबद्दल शिकवताना या चुका टाळा

चिंता हा विषय समुपदेशकांच्या एका तासावर न सोडता विज्ञानापासून पीटीपर्यंत सगळीकडे आणायचा, असं आता बऱ्याच शाळांना वाटतं. विचार चांगलाच आहे. पण वर्गात घडतं ते असं: गणिताचे सर म्हणतात, "कुणाकुणाला गणिताची भीती वाटते? हात वर करा." मराठीच्या बाई ‘माझी भीती’वर निबंध देतात. चिंतेचा अभ्यास राहतो बाजूला आणि मुलांचीच उलटतपासणी सुरू होते.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. घरातल्या भांडणांबद्दल जीव मुठीत धरून लिहिणाऱ्या मुलीने खाली ‘शुद्धलेखन सुधारा’ हा लाल शेरा वाचायचा? त्यापेक्षा एखादं पात्र द्या. मुलाखतीसाठी बाहेर बाकावर बसलेला माणूस: त्याच्या मनात काय चाललंय, हात काय करतायत? ज्याला स्वतःचं सांगायचंय, तो त्याच्याआडून सांगेल. वही कोण वाचणार हे आधीच सांगा. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर ते गुपित ठेवता येणार नाही, हेही.

विज्ञानात चूक उलटी होते. नववीत अधिवृक्क ग्रंथी येते, मुलं एक ओळ पाठ करतात, गुण मिळतात, विषय संपतो. खरं तर मजा इथेच आहे. या ग्रंथीतून येणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे ठोके वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पचन मंदावतं. पेपरच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत ते यामुळेच. मग पीटीच्या सरांना गाठा. मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजायची, चारने गुणायचं, मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजायची. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांकडे घड्याळ द्या.) तोंडी परीक्षेआधी छातीत होते तीच ही धडधड, ती झाली म्हणजे हृदय बिघडलं असं नाही, हे मुलांना बोटाखाली कळतं. आकडे गणिताच्या तासाला सरासरीसाठी वापरा, पण फळ्यावर नावं नकोत.

"मोठ्ठा श्वास घ्या" हा सल्लाही जरा जपून. घाबरलेलं मूल भराभर मोठे श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि ते आणखी घाबरतं. श्वास सावकाश सोडण्यावर भर द्या. आणि एकाच दिवशी चार तासांना तेच नको. मुलं कंटाळतात, हसतात. कोण काय घेणार, ते स्टाफरूममध्ये आधी वाटून घ्या.

वर्गासमोर वाचायला घाबरणाऱ्या मुलाला शिक्षक म्हणतात, "घाबरतोस ना? मग नको वाचूस." हे मायेपोटीच होतं, पण सुटल्याचा आनंद तेवढ्यापुरता, पुढच्या वेळी भीती वाढलेलीच असते. ढकलून उभं करणंही नको. आधी शेजारच्या मित्राला वाचून दाखव, मग चौघांना, मग वर्गाला.

राहिलं निदान. परीक्षेची धाकधूक वेगळी आणि झोप, जेवण, शाळा सगळं आठवडेच्या आठवडे विस्कटणारी चिंता वेगळी, एवढा फरक जरूर शिकवा. "तुला एन्झायटी आहे" असं मात्र शिक्षकांनी म्हणू नये. पालकांशी बोला, समुपदेशकांकडे पाठवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो स्टाफरूमच्या भिंतीवर लावून उपयोग नाही, मुलांच्या वहीत लिहून द्या.