शाखा कालवा आणि त्यावरचा जलसेतू: इतिहास कसा लावावा

कालव्याचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेकजण आधी दप्तर धुंडाळतात. उलटं करा. आधी शाखेच्या शीर्ष विमोचकापासून (मुख्य कालव्यातून शाखेत पाणी सोडणाऱ्या दारापासून) टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत चालत जा, मग कागद मागवा. जागा डोळ्यांखालून गेलेली नसेल तर जुन्या नोंदी वाचूनही कळत नाहीत.

फेऱ्या दोन हव्यात. आवर्तन (पाळीचं पाणी) चालू असताना गळती दिसते, कालवा बंद असताना तळ आणि अस्तरीकरण. जलसेतू म्हणजे नाल्यावरून कालवा नेणारा पूल, आणि पन्हळ म्हणजे त्यावरचं पाणी वाहायचं पात्र. पाणी चालू असताना जलसेतूच्या पन्हळीत पाय घालू नका. तिथे पात्र आवळलेलं असतं, त्यामुळे वेग वाढतो आणि उभ्या भिंतींना धरायला काही नसतं.

वाटेत साखळी क्रमांकाचे (कालव्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर दाखवणारे) दगड टिपा. जुने मैल-फुटांत (१ मैल म्हणजे ५,२८० फूट), नवे किलोमीटरमध्ये. १२ मैलांचा दगड १९.३ किलोमीटरच्या आसपास पडायला हवा. तो अर्धा किलोमीटर सरकलेला दिसला तर तीन शक्यता: मधली आखणी बदलली, शून्य साखळी हलवली किंवा दगडच उपटून दुसरीकडे रोवला. मागचे दोन-तीन दगडही तेवढ्याच फरकाने सरकलेले असतील तर शून्य बदललं समजा. फरक एका जागेपासून पुढेच सुरू होत असेल तर तिथे आसपास कालव्याचं जुनं, बुजलेलं पात्र शोधा.

नाला ओलांडणारं प्रत्येक बांधकाम जलसेतू नसतं. नाल्याचं पुराचं पाणी कालव्याच्या तळाखालून मोकळं जात असेल तर जलसेतू. तेच पाणी पन्हळीच्या बुडाला टेकून दाबाखाली जात असेल तर सायफन जलसेतू. नाला आणि कालवा एकमेकांना ओलांडतात त्याचे इतर प्रकार पाहायला हरिद्वार ते रुरकी हा गंगा कालव्याचा टप्पा उत्तम: राणीपूर आणि पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून जातात, धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्याच पातळीवर येऊन मिळते, आणि सोलानी नदीवर कालवा १५ कमानींवरून जातो. प्रत्येक कमान ५० फुटी. प्रोबी कॉटली यांचा हा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला.

आता दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे. बाहेरची सिमेंटची दर्जभरणी पाहून वय ठरवू नका, ती बहुतेक वेळा नंतरच्या डागडुजीची असते. भरणी निखळलेली जागा शोधा आणि आत पाहा. विटेच्या भुकटीचे लालसर कण म्हणजे सुरखी, पांढरे खडे म्हणजे नीट न मळलेला चुना. लिंबाचा रस टाकून फेस आला म्हणजे चुनाच, हे खरं नाही. जुनं सिमेंटही फेसाळतं. शिवाय हा पुरावा एकाच बाजूने चालतो. भारतात सिमेंटचं मोठं उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झालं, म्हणून मूळ थरातच सिमेंट असेल तर काम बहुधा त्यानंतरचं. चुना सापडला म्हणून मात्र काम जुनं ठरत नाही, कारण चुना-सुरखी त्यानंतरही कित्येक वर्षं वापरात होती.

पन्हळीच्या भिंतीची उंची मोजताना साहित्य कुठे बदलतं ते पाहा. खाली घडीव दगड आणि वर काँक्रीटची पट्टी असेल तर वहनक्षमता नंतर वाढवली असण्याची शक्यता मोठी. कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ असतील तर दर्जांतून पाणी पाझरून चुना धुऊन निघतोय. सगळ्यात नाजूक जागा मातीचा भराव दगडी बांधकामाला भिडतो ती. माती खचते, बांधकाम तितकं खचत नाही, फट पडते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. दुरुस्तीच्या बहुतेक खुणा तिथेच सापडतील.

मग कागद. पाटबंधारे खात्याच्या उपविभागीय कार्यालयाकडे लांबछेद (कालव्याच्या लांबीभर पातळ्या दाखवणारा नकाशा), बांधकामांची नोंदवही आणि पूर्णत्वाचे नकाशे मागा; गावाच्या नावाने नाही, साखळी क्रमांकाने. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. ब्रिटिश काळातलं मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधा. प्रशासकीय मान्यता, काम सुरू, पहिलं पाणी ही तीन वेगळी वर्षं आहेत, एकात मिसळू नका. सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) दिसली तर खर्च का वाढला ते वाचा. आखणीतला बदल अनेकदा तिथेच लिहिलेला असतो.

पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारे कर्मचारी) आणि टेलचे शेतकरी यांना सन विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाणी येत होतं का?’ असं विचारा. उत्तर कागदाशी जुळलं नाही तर दोन्ही नोंदी साखळी क्रमांकासह शेजारी शेजारी लिहा आणि कोणती कुठून आली तेही लिहा.