कात्री लावण्याआधी न्हावा शेवाकडं एकदा बघा

मंडळी, फेब्रुवारी-मार्चच्या एक्सपोर्ट द्राक्षांच्या खुडणीचं ठरवताना आपण शुगर बघतो, मण्याची साईझ बघतो, शेवटचा स्प्रे कधी झाला ते मोजतो, पण आपला माल जिथून बोटीत चढतो त्या मुंबईजवळच्या न्हावा शेवा पोर्टला काय चाललंय हे कोणी विचारत नाही. अवकाळी नसेल तर वेलीवरचा घड आठ दिवस कळ काढतो, खुडलेला काढत नाही.

ऑगस्ट 2024 आठवा. 28 तारखेपासून मोठ्या सरकारी बंदरांतले कामगार बेमुदत संपावर जाणार होते, पगारवाढीचा विषय, आदल्या दिवशी 8.5 टक्क्यांवर मिटलं, आणि नशीब की द्राक्षाचा सीझन नव्हता. बंदरातल्या संपाची नोटीस कायद्यानं 14 दिवस आधी द्यावी लागते, तेवढे दिवस आपल्या हातात असतात. पण नोटीस आली म्हणून घाईघाईत सगळा प्लॉट खुडू नका, त्या आठवड्यात सगळेच आपापले कंटेनर बंदराकडं पळवतात, गेटवर ट्रेलरची रांग लागते आणि कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, हुकला की बोट गेली.

खरी वाट लावतो तो ट्रकवाल्यांचा संप. 1 जानेवारी 2024 ला हिट अँड रनच्या कायद्यावरून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोचे टँकर थांबले, पंपावर ही गर्दी. रस्त्यावर रिफर, म्हणजे थंड कंटेनरची थंडी चालते जेनसेटवर (जनरेटरवर) आणि जेनसेट डिझेलवर, त्यामुळं पॅकहाऊसमधून गाडी निघताना टाकी फुल आहे का ते स्वतः झाकण उघडून बघा, "आहे ना भाऊ" वर जाऊ नका. थंडी तुटली की देठ तपकिरी पडतो, पेटीत पाणी सुटतं, बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फरचा पॅड ओला होऊन एकदम गॅस सोडतो आणि मण्यांवर पांढरे डाग.

माल उतरतो तिकडचंही लक्षात ठेवा, ऑक्टोबर 2025 मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात जहाजावर कंटेनर बांधणारे-सोडणारे लॅशिंगवाले संपावर गेले, माणसं थोडीच, पण बोटी खोळंबल्या.

एक्सपोर्टरशी सौदा करताना संपामुळं उशीर झाला तर डिमरेज (कंटेनर जादा दिवस अडकल्याचा दंड), प्लग-इनचा (कंटेनर थंड ठेवायच्या विजेचा) खर्च आणि क्वालिटी क्लेम (माल खराब निघाल्याची कपात) कोणाच्या अंगावर, हे खुडणीआधी लिहून घ्या. नंतर पेमेंटमधून कापून घेतात अन् आपण बसतो फोन लावत.

थॉमसन जातीच्या द्राक्षाचा एखादा प्लॉट मुद्दाम मागं ठेवा, माल अडकलाच तर बेदाण्याला जाईल, फक्त त्याला शुगर 22 ब्रिक्सच्या आसपास लागते.