वेळ पुरत नाही? या चुका टाळा

वेळ जातो कुठे हे न मोजताच नवे वेळापत्रक आखायला बसणे, ही सगळ्यात मोठी चूक. अंदाजावर आखलेले वेळापत्रक तीन दिवसही टिकत नाही.

आधी सात दिवस वही ठेवा. अर्ध्या तासाला एक ओळ, म्हणजे दिवसाला ४८, आठवड्याला ३३६. ओळीत एकच अक्षर: काम ‘क’, घर ‘घ’, प्रवास ‘प्र’, मोबाइल ‘म’, झोप ‘झ’. दर दोन-तीन तासांनी लिहा. रात्री एकदम आठवून लिहिले की ‘म’ हमखास कमी भरतो.

मग ‘क’ मोजा. ११० किंवा त्याहून जास्त भरले तर आठवड्याला ५५ तास झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१च्या विश्लेषणानुसार, इतके काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. तेव्हा ‘अंगवळणी पडलंय’ म्हणून सोडून देऊ नका. वरिष्ठांपुढे वही ठेवा आणि कोणते काम थांबवायचे ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. नुसते ‘खूप काम आहे’ म्हटल्याने कोणी काही कमी करत नाही.

फोंड्याहून पणजीला बसने जाणाऱ्याच्या वहीत रोज चार-पाच ‘प्र’ असणारच. तेवढ्यात ऑफिसचे मेसेज उरकू नका. आठ तासांची नोकरी गाडीतच दहा तासांची होते. आणि दिवस काठोकाठ भरू नका. वाटेत बाणस्तारीला गाड्या तुंबल्या की पहिले काम अर्धा तास सरकते आणि मागची सगळी त्याच्यावर आदळतात. आठ तासांत सहा तासांचीच कामे लावा.

दुपारचे काय? आपल्याकडे गोव्यात बाजारातली बरीच दुकाने एक ते साडेतीन बंद असतात, ती काही आळसापायी नव्हे. तो वेळ बिले लिहिण्यात घालवू नका. जेवून वीस मिनिटे पडा, पंचवीस मिनिटांचा गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोके जड होते. तीननंतर झोपलात तर रात्रीची झोप उडते. हॉटेलात ब्रेक शिफ्ट, म्हणजे मध्ये काही तास सुट्टी देऊन दोन तुकड्यांत काम, करणाऱ्यांनी तर मधल्या वेळेत दुसरी कामे घेऊच नयेत, रात्री अकरापर्यंत उभे राहायचे असते.

संध्याकाळच्या मेसेजांवर उपाय सोपा आहे. ‘साडेसातनंतर तातडीचे असेल तर फोन करा’ असे ग्रुपवर एकदा लिहून टाका. फोन करायचा म्हटले की बरेचसे ‘तातडीचे’ सकाळपर्यंत थांबते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, रजेचेही असेच. माटोळीपासून (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट) विसर्जनापर्यंत घरातल्या बायकांना पाठ टेकायला मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. रजा एक दिवस वाढवून घ्या. त्या दिवशी स्वयंपाक, भांडी घरातल्या पुरुषांनी करावी, आणि हे आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी सांगितले की पुन्हा तिच्याच गळ्यात पडते.