दादासाहेब गायकवाडांवर बोलायचंय? आधी वादाला तारीख घाला

१५ ऑक्टोबर, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांची जयंती, जवळ आली की माझ्याकडे मुलं येतात. कुणाला शाळेत भाषण असतं, कुणाला विहारात, कुणाला मंडळाच्या फलकावर चार ओळी लिहायच्या असतात. मी नाशिकरोडला राहते, हायस्कूलला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. "बाई, दादासाहेब गायकवाडांवर पाच मिनिटांचं लिहून द्या ना," अशी मागणी असते. मी लिहून देत नाही. कसं लिहायचं ते सांगते. या वर्षी तेच सविस्तर लिहून ठेवतेय.

सुरुवात नावापासून करा. नाशिकमध्ये नुसतं 'दादासाहेब' म्हटलं की निम्म्या मुलांना फाळके आठवतात, कारण पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि सहली तिकडेच जातात. त्यातून गायकवाडांचं खरं नाव भाऊराव, आणि लोक त्यांना कर्मवीर म्हणतात. म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांशी दुसरा घोळ. एका फलकावर गायकवाडांच्या नावाखाली रयत शिक्षण संस्था लिहिलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव घ्या: भाऊराव कृष्णाजी गायकवाड, जन्म १५ ऑक्टोबर १९०२, गाव आंबे, तालुका दिंडोरी. निधन २९ डिसेंबर १९७१. या दोन तारखा पाठच करा, पुढे उपयोगी पडतील.

आता मुख्य गोष्ट. दादासाहेबांबद्दल आपल्या लोकांत एकमत नाही. ते लपवून भाषण केलंत तर ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं. मी हे घरातच पाहिलं. माझे वडील प्रेसमध्ये कामाला, वाचणारे, वकिलांच्या सभांना जाणारे. ते 'दुरुस्त' गटाचे. माझा मामा सिन्नरच्या बाजूचा भूमिहीन मजूर, तो गायकवाडांचा माणूस. बाबासाहेबांच्या अनुयायांचा रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोनच वर्षांत त्यात फूट पडली. अ‍ॅड. बी. सी. कांबळे यांच्या बाजूचे ते दुरुस्त, आणि गायकवाडांच्या बाजूला समोरचे 'नादुरुस्त' म्हणायचे. माझ्या मावशीच्या लग्नात वडील आणि मामा एका पंगतीला बसले नाहीत. आई दोन्हीकडे वाढत होती. मी लहान होते, मला वाटलं जमिनीवरून भांडण असेल. होतंही तसंच, पण आमच्या जमिनीवरून नव्हे. जमीनच नव्हती आमच्याकडे.

पुढे शिक्षिका झाल्यावर मी एका कार्यक्रमात दादासाहेबांवर पहिलं भाषण केलं. काळाराम मंदिर सत्याग्रह, महाड, भूमिहीनांचा लढा, सगळं गौरवाचं. शेवटी टाळ्या झाल्या आणि मागच्या रांगेतले एक बाबा उठले. म्हणाले, "बाई, काँग्रेसशी समझोता, मग अडुसष्टची पद्मश्री. त्यावर एक अक्षर नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी ही पद्धत वापरते.

एक मोठा कार्डशीट घ्या, आडवा. डावीकडे साल. त्यापुढे तीन रकाने: काय घडलं, बाजूने काय बोललं गेलं, विरोधात काय बोललं गेलं. कौतुक असो की आरोप, साल सापडल्याशिवाय कागदावर जाऊ द्यायचा नाही. "दादासाहेबांनी चळवळ विकली" हे वाक्य असं चढत नाही. कोणत्या साली, कोणत्या निर्णयाबद्दल, कोण म्हणालं, हे विचारा. तसंच "दादासाहेबांनी समाजासाठी आयुष्य वेचलं" हेही चढत नाही. कोणत्या साली, कुठे, कशासाठी?

हे केलं की काही आरोप आपोआप गळतात. एका मुलाने लिहून आणलं होतं की दादासाहेबांचा दलित पँथरला विरोध होता. पँथर ही तरुणांची संघटना १९७२ ची. दादासाहेब डिसेंबर १९७१ मध्ये गेले. पँथरच्या पोरांचा राग रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या गटबाजीवर होता आणि त्या गटबाजीत दादासाहेबांचाही काळ येतो, हे खरं. पण ते वेगळं वाक्य आहे, ते तसंच लिहा.

१९३० च्या ओळीला, म्हणजे अस्पृश्यांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाला, जास्त जागा ठेवा, आणि ती लिहिण्याआधी पंचवटीत जाऊन या. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, रिक्षाने पंचवटी कारंजा, तिथून चालत. गर्दीच्या दिवशी नको, साध्या वारी सकाळी जा. काळ्या दगडाचं ते देऊळ अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी बांधलं. कोटाला बाहेरून पूर्ण फेरी मारा आणि चारही दरवाजांपाशी थोडं थोडं थांबा. २ मार्च १९३० ला सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक इथे आली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या दरवाजांवर बसायला लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका. मुलांना मी सांगते, दाराच्या पायरीजवळ उभं राहून दीडशे माणसं चार दरवाजांवर कशी बसली असतील ते मोजून बघा. एका दारावर जेमतेम चाळीस. समोर बंद दार, मागे गल्ली, वर मार्चचं ऊन. सत्याग्रह समितीचं चिटणीसपद भाऊराव गायकवाडांकडे होतं. बाबासाहेब मुंबईला, गोलमेज परिषदेला जात-येत होते. इथे रोज तुकड्या बसवणं, भाकरीची सोय, जामीन, मार खाल्लेल्यांची व्यवस्था, हे सगळं नाशिकच्या माणसांनी ओढलं, आणि त्यांच्या पुढे हे सत्तावीस वर्षांचे गृहस्थ. भाषणात सत्तावीस हे वय आवर्जून सांगा.

९ एप्रिलला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सवर्ण आणि अस्पृश्य, दोन्हीकडच्यांनी मिळून रामाचा रथ ओढायचा असं ठरलं होतं, ते पाळलं गेलं नाही. बऱ्याच भाषणांत 'रामनवमीचा रथ' असतं. नाशिकमध्ये रथ कामदा एकादशीला निघतो, हे पंचवटीतलं लहान मूलही सांगेल. मी 'रथाच्या दिवशी' एवढंच म्हणते.

या ओळीपुढचा वाद असा: सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही, मग हरलो का? याचं उत्तर आपल्या मनाने देऊ नका. बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना पत्र लिहिलं. येत्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा का, असं गायकवाडांनी विचारलं होतं. बाबासाहेबांनी साफ सांगितलं की आता हे थांबवा. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं म्हणून होता. आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावायची. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. येवला आपल्याच जिल्ह्यात. बाबासाहेबांची गायकवाडांना लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने छापलेली आहेत, सार्वजनिक वाचनालयात किंवा विहारातल्या कपाटात विचारा. या भाषणासाठी एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर तेच वाचा. पुढारी म्हणून दोघांचे फोटो आपण भिंतीवर लावतो, पण पत्रांत ते एकमेकांना पैशाचं, कार्यकर्त्यांच्या रुसव्याफुगव्यांचं, तब्येतीचं लिहितात.

मधली वर्षं थोडक्यात उरका: स्वतंत्र मजूर पक्षाकडून १९३७ ला मुंबई विधानसभेत, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत, १९६२ पासून राज्यसभेत. संसदेतली जुनी भाषणं आता फोनवरही वाचता येतात. त्यातून जमिनीवरचं एखादं वाक्य निवडा.

मग भूमिहीनांचा सत्याग्रह. पहिला १९५९ चा, खानदेश-मराठवाड्यात पसरलेला. दुसरा ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेला, देशभराचा, ज्यात लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान मजुरी द्या, बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, अशा मागण्या होत्या. ते चित्र लागायला एप्रिल १९९० उजाडला. विरोधकांचा आक्षेप दोन प्रकारचा होता, दोन्ही लिहा. एक, कम्युनिस्टांच्या जोडीने रस्त्यावरचा लढा करणं ही बाबासाहेबांची संविधानाची वाट नाही. माझे वडील हेच म्हणायचे. दुसरा आक्षेप उघड कमी आणि कुजबुजत जास्त: धोतर नेसणारा, कमी शिकलेला माणूस शिकलेल्यांचं नेतृत्व काय करणार? हा दुसरा आक्षेप मुलांना समजावून सांगायला मला नेहमी वेळ लागतो, आणि मी तो वेळ देते. आपल्यातच शिकलेला आणि न शिकलेला अशी उतरंड तेव्हा उभी राहिली होती.

इथे घरातल्या माणसांना विचारा. आणि विचारताना "दादासाहेब कसे होते?" असं मुळीच विचारू नका. मी मामीला तसं विचारलं होतं. "देवमाणूस," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. पुढच्या खेपेला मी विचारलं, "जेलात जाताना भाकरी कोणी बांधून दिली?" चाळीस मिनिटं बोलली. सासूने सात भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. थंडी होती. मामी बाविशीची, कडेवर पाच महिन्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. आत घेताना पोलिसाने बायकांची मोजणी केली आणि लेकराला सोडून पुढचा आकडा घेतला. मामी म्हणाली, "हिलाबी लिवा." तो म्हणाला, लहान मूल लिहीत नाहीत. मामी तिथेच बसून राहिली. मागची सगळी रांग अडली. शेवटी त्याने कागदावर काहीतरी खरडलं. "काय लिवलं ते मला काय ठावं, पण हात हालला त्याचा," असं मामी सांगते.

फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन समोर धरू नका, जवळ ठेवून द्या. पंखा बंद करा. एक माणूस सांगतो ते दुसऱ्याकडून पडताळून घ्या, विशेषतः साल, कारण १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळतात. कोणी आपलं नाव घेऊ नका म्हणालं तर घेऊ नका.

आता अवघड परिच्छेद, काँग्रेसशी समझोत्याचा. मुलं इथे एकतर गाळतात किंवा आवाज चढवतात. मी असं लिहायला सांगते: "साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. थोड्याच वर्षांपूर्वी त्याच पक्षाच्या सरकारने सत्याग्रहींना तुरुंगात घातलं होतं. समर्थक म्हणत की जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत आपला माणूस बसल्याशिवाय गावात जमिनीचा कागद हलत नाही. विरोधक म्हणत की दोन-चार जागांसाठी पक्षाचा कणा गेला." एवढंच. मग स्वतःचं मत "मला वाटतं" म्हणून सांगा, लपवू नका. मला वाटतं समझोता चुकला, त्याने पक्ष आणखी विस्कटला. आणि मला असंही वाटतं की भूमिहीनांचा सत्याग्रह हे बाबासाहेबांनंतरचं आपल्या चळवळीतलं सर्वांत मोठं काम होतं. माझ्या कागदावर ही दोन्ही वाक्यं आहेत, वेगवेगळ्या सालांपुढे.

शेवटी आजचा संदर्भ हवा असेल तर दादासाहेबांच्या नावाची सरकारी योजना घ्या, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी. आपल्या तालुक्यात किती कुटुंबांना मिळाली, हे समाजकल्याणच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारता येतं. नुसतं नाव घेण्यापेक्षा तो आकडा मिळवा.

भाषण सात मिनिटांच्या वर नको. आणि तो कार्डशीट घडी करून व्यासपीठावर सोबत न्या.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला नववीतला मुलगा बोलला. मामीला मी पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. भाषण संपल्यावर एक आजोबा उठले, ते दुरुस्त गटातले, माझ्या वडिलांना ओळखणारे. म्हणाले, "आमची बाजू कुठंय?" मुलाने घडी उलगडली आणि १९५९ च्या पुढचा तिसरा रकाना त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग खिशातलं पेन काढलं आणि रकान्यात खाली, थरथरत्या अक्षरात एक ओळ लिहिली: "आम्हालाही जमीन हवी होती, रस्ता वेगळा होता." मामीने विचारलं, काय लिहिलं? मुलाने वाचून दाखवलं. मामी सरकली आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. आजोबा तिथे बसले.